ग्लेनाऱ्याचा मुका उत्सव

एका राज्यात, जे चहूकडून समुद्राने वेढलेले होते आणि जिथे धुके पाहुण्यासारखे दारातून आत येई, ग्लेनारा नावाचे गाव होते. गाव लहान, पण कीर्ती मोठी. कारण पीक घरात आले की राज्यातले सारे हार्पवादक त्या गावच्या हिरवळीवर जमत. वाळुंजाच्या लाकडाचे हार्प, त्यांना पितळी तारा, आणि त्या छेडायच्या वाढवलेल्या नखांनी. कोणतीही सुरावट कधी लिहिली गेली नाही, आणि तारांच्या साथीवाचून कुणी ती गातही नसे. आईच्या बोटांतून ती लेकीच्या बोटांत जाई. पहिले शेत नांगरले त्याची सुरावट होती, पूल कोसळला त्याची होती, कोणते घराणे कोणत्या किनाऱ्यावरून आले त्याचीही होती. ज्याला आपला पणजोबा कोण हे ठाऊक नसे, तो उत्सवाला येऊन बसे आणि ऐकून घरी जाई.

त्या गावात एथना ही सर्वांत थोर वादक. तिची लेक ब्रोना. ब्रोनाचा नवरा फियाक्रा राजाच्या नावेचे सुकाणू धरी.

एके वर्षी ती नाव बुडाली. फियाक्रा बुडाला, आणि राजा फेरगलचा एकुलता पुत्र लोर्कन हाही बुडाला. त्या वर्षी उत्सवात एथनाने नावेचा विलाप रचून वाजवला. राजा समोरच बसला होता. विलाप अर्ध्यावर आला तेव्हा तो कानांवर हात दाबून उठला.

"थांबव," तो म्हणाला.

"महाराज, अर्धा विलाप मेलेल्यांना वाटेतच सोडतो," एथना म्हणाली, आणि तिने तो पुरा केला.

राजा तडक दुवान जादूगाराच्या टेकडीवर गेला.

"तो विलाप मला पुन्हा ऐकू येता कामा नये."

"एकच सुरावट मुकी करता येत नाही, महाराज. तारा मुक्या झाल्या तर सगळ्याच होतील."

"होऊ देत."

मग दुवानने राज्यातल्या प्रत्येक तारेतून आवाज ओढून घेतला, लोखंडी हंड्यात कोंडला, झाकणावर मंत्र घातला आणि सगळ्यांच्या देखत हंडा काळ्या तळ्यात सोडून दिला.

त्या दिवसापासून तार छेडली तर बोट दुखे, पण आवाज येत नसे. तरीही पीक घरात आले की लोक ग्लेनाऱ्याला जमत. हार्प खांद्याला टेकवत, बोटे फिरवत, आणि संध्याकाळी एकमेकांकडे न पाहता उठून जात. वर्षे गेली. म्हातारे वादक मेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या सुरावटी मातीत गेल्या. पुलाची सुरावट कशी होती हे कुणाला सांगता येईना. मग पूल कधी कोसळला होता हेही विसरले. मुलींनी नखे वाढवणे सोडले. कुणी हार्पवर ओली लोकर वाळत घातली, कुणी तो कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावला.

एथना उंबऱ्यावर बसून हवेत बोटे हलवी. पुढे बोटेही थांबली. एका सकाळी तिने कोपऱ्यातल्या हार्पकडे पाहिले आणि विचारले, "हे लाकूड कशाचे गं? चुलीत का घालत नाहीस?"

ब्रोनाने आईला पेज भरवली, शेजारणीला तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि ती काळ्या तळ्याची वाट चालू लागली.

तळ्याच्या काठी एक राखी बगळा एका पायावर उभा होता. त्याला माणसाची भाषा येत होती.

"बाई, तीन कामे आहेत," तो म्हणाला. "हंडा वर काढ. दुवानकडून झाकणाचा मंत्र मिळव. आणि ज्या विलापामुळे तारा मुक्या झाल्या, तोच ग्लेनाऱ्याच्या हिरवळीवर सर्वांत आधी वाजव. दुसरे काही आधी वाजले, तर आवाज वाऱ्यावर जाईल आणि परत येणार नाही."

ब्रोनाने पाण्यात उडी घेतली. त्या तळ्याच्या तळाशी ज्याचे त्याचे बुडालेले माणूस भेटत असे. तिला फियाक्रा भेटला. तो हंड्यावर बसला होता, तसाच तरुण, केसांत शेवाळ.

"ब्रोना, थांब ना जरा," तो म्हणाला. "इथे फार गप्प गप्प असते."

त्याने तिचा हात धरला. हात थंड नव्हता. थंड असता तर सोडवणे सोपे गेले असते. तिची छाती फुटायला आली. तिने त्याची बोटे एकेक करून सोडवली, हंडा उचलला आणि मागे न पाहता वर आली. काठावर बसून ती पुष्कळ वेळ रडली. बगळ्याने मान दुसरीकडे वळवली.

दुवान आता आंधळा झाला होता. टेकडीवर थंड राखेसमोर बसला होता.

"मंत्र देईन," तो म्हणाला. "पण मलाही ही शांतता सोसत नाही. तुझ्या आठवणीत एखादा सूर उरला असेल, तर तो मला दे."

ब्रोनाजवळ एक उरला होता. लहानपणी आईने मांडीवर घेऊन तिला शिकवलेली पहिली सुरावट. इतकी वर्षे ती रोज मनात म्हणत आली होती.

"दुसरे काही मागा."

"दुसरे काही नको."

तिने डोळे मिटले आणि ती सुरावट त्याला दिली. डोळे उघडले तेव्हा आईची मांडी आठवत होती, आईच्या हाताचा वास आठवत होता, पण त्या मांडीवर आपण काय शिकलो ते आठवत नव्हते. दुवान मात्र गुणगुणत होता. त्याने तिच्या कानात मंत्र सांगितला.

ती गावात परतली तेव्हा उत्सवाचाच दिवस होता. हिरवळीवर मूठभर माणसे बसली होती. ब्रोना आईपुढे गुडघे टेकून बसली.

"आई, नावेचा विलाप आठवतो का तुला?"

"कोणती नाव?" एथना म्हणाली.

तिने प्रत्येक म्हाताऱ्याला विचारले. कुणी मान हलवली, कुणी ओशाळून हसले. तिने स्वतः तो एकदाच ऐकला होता, तोही नवऱ्याच्या मरणाच्या दुःखात, आणि त्यातला एक सूरही तिच्या कानात शिरला नव्हता. हंडा समोर होता, मंत्र ओठांवर होता, आणि वाजवायला काही नव्हते. ब्रोना गवतावर आडवी पडली. तिला वाटले, तळ्यातच राहिले असते तर बरे झाले असते.

मग तिला आठवले, विलाप ऐकायला बसलेल्या एका माणसाला विचारायचे राहिले होते. ती उठली आणि राजवाड्यात गेली.

राजा एका बंद दालनात राही. खिडक्यांच्या फटींत लोकर कोंबलेली होती.

"महाराज, नावेचा विलाप आपण ऐकला होता. तो कुणालाही आठवत नाही."

राजा म्हणाला, "मला आठवतो. सारे राज्य मुके केले, आणि तो एकटाच उरला. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. इतक्या वर्षांत दुसरे काहीच मला ऐकू आलेले नाही."

"माझा नवरा त्याच नावेवर होता, महाराज. आपण सांगाल तर मी वाजवीन."

राजाने वर पाहिले. "त्या नावेवर आणखी कुणी होते, हे मी कधी मनात आणले नाही," तो म्हणाला, आणि काठी घेऊन तिच्यामागून चालू लागला.

हिरवळीवर राजा जमिनीवर बसला. ब्रोनाने मंत्र म्हटला. झाकण सरकले, तारा थरथरल्या. राजा फाटक्या आवाजात विलाप गुणगुणू लागला, आणि ब्रोना त्याच्यामागून एकेक सूर तारेवर उचलू लागली. तार बोलली. ज्यांनी जन्मात हार्प ऐकला नव्हता अशी मुले दचकून आयांना बिलगली. अर्ध्यावर आल्यावर राजाचे हात कानांकडे गेले. मग त्याने ते मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि उरलेला विलाप पुरा सांगितला. शेवटचा सूर विरला तेव्हा तो लोर्कनचे नाव घेऊन लहान मुलासारखा रडला.

शाप तुटला. खुराड्यांना लावलेले हार्प लोकांनी काढून धुतले. राजाने दालनाच्या खिडक्या उघडल्या आणि दरबारात पुन्हा न्यायनिवाडा सुरू केला. पण विसरलेले ते विसरलेलेच राहिले. पुलाची सुरावट आली नाही, नांगराची आली नाही, घराण्यांची आली नाही. दुवानला दिलेली सोडली, तर सबंध राज्यात जुनी म्हणून एकच सुरावट उरली, आणि ती मरणाची होती. ग्लेनाऱ्याच्या मुली सर्वांत आधी तीच शिकतात.

त्या दिवशी लोक पांगल्यावर ब्रोना आईशेजारी बसून पुन्हा वाजवत होती. एथना मान कलती करून ऐकत होती.

"चांगले वाजवतेस," ती म्हणाली. "कोणाची गं लेक तू?"

ब्रोना वाजवत राहिली. तेव्हा एथनाने हात पुढे केला, लेकीचा अंगठा धरून तारेवर थोडा वर नेला आणि म्हणाली, "अंगठा असा हवा. आणि तारांवर रडू नकोस, पितळ काळे पडते."