या म्हणजे जा

कुणाच्याच पणजीला आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, नदीकाठी एक राज्य होतं. पूर येऊ लागला की घाटावरची घंटा वाजवायची, एवढ्या कामासाठी तिथल्या राजाला माणूस हवा होता.

गावातल्या एका तरुणीचा लहानपणापासून त्या नदीवर जीव. पाण्याचा आवाज जरा बदलला की ती कान टवकारी. हे काम आपल्यालाच मिळावं, असं तिला फार वाटे. पण आधी प्रधानासमोर मुलाखत, आणि मुलाखतींचा तिला वीट आला होता. भांडारात नाकारलं, बागेत नाकारलं, कारण कुणी सांगितलं नाही.

"डोळ्यांत बघ, मधूनमधून हस," मावशीने पढवून पाठवलं.

"काय म्हणता बाई?" प्रधानाने विचारलं.

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

दरबारी हसले.

"आमच्याकडेच का यावंसं वाटलं?"

"घंटा इथेच आहे."

प्रधानाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुराचं कुणी विचारलंच नाही. "बरं, या आता," तो म्हणाला.

ती पुढे आली. दरबार खदखदून हसला.

"बाई, या म्हणजे जा."

"मग जा म्हणायचं ना," ती वैतागून म्हणाली. या लोकांना जे म्हणायचंय ते हे का म्हणत नाहीत, या विचाराने तिचं डोकं उठलं. "जाते," म्हणून ती निघाली.

निघताना 'येते' म्हणायचं सोडून 'जाते' म्हणाली, म्हणजे अपशकुनच. प्रधानाने तिच्या नावावर काट मारली.

काम मिळालं एका गोडबोल्याला. त्याने प्रधानाच्या पगडीची तारीफ केली आणि निघताना वाकून "येतो" म्हणाला.

आषाढातल्या एका दुपारी घाटावरच्या कोळ्यांना तो असंच "आलोच" म्हणाला, घरी जेवला आणि आडवा झाला. नदी चढली. घंटा वाजेना. वरच्या आळीत त्या तरुणीला पाण्याचा आवाज बदललेला कळला. ती धावत आली आणि तिने घंटा बडवली. माणसं वाचली, पण खालची आळी वाहून गेली, मावशीच्या घरासकट.

आता राजाने स्वतः तिला बोलावलं.

"पूर आला तर काय करशील?"

"घंटा वाजवीन."

"जेवायला कधी जाशील?"

"बदली माणूस आल्यावर."

"काम तुझं," राजा म्हणाला, आणि सवयीने पुढे म्हणाला, "बरं, ये."

ती पुढे आली. या वेळी कुणी हसलं नाही.

राजा ओशाळला. "जा, असं म्हणायचं होतं मला. घाटावर."

"जाते," ती म्हणाली, आणि गेली.

तात्पर्य : कामाला माणूस हवा असेल तर कामाचंच विचारा, आणि सरळ विचारा.