पंचाच्या पाच जोड वहाणा

एका गावात एक पंच होता आणि गावानं त्याच्याकडे एकच काम दिलं होतं. डोंगरात राजाच्या मालकीचा झरा होता. त्याचा पाट गावाकडे वळवायची परवानगी घाटमाथ्यावर राहणाऱ्या राजाकडून आणायची. ती मिळेपर्यंत गावच्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या.

गावाची रीत अशी, की गावाच्या कामाला जो घाट चढेल त्याचा खर्च गावानं करायचा. शिदोरीला पीठ, तळव्यांना चोळायला तूप आणि पायात नव्या वहाणा. परत आल्यावर झिजलेला जोड वहाणा शिवणारीकडे टाकायचा. त्या कातड्याचे बैलांना पट्टे व्हायचे.

पंच दर पौर्णिमेला खर्च न्यायचा आणि चार दिवसांनी जुना जोड आणून टाकायचा. म्हणायचा, "राजा भेटला नाही. पुढच्या पौर्णिमेला बघू."

वहाणा शिवणारी बाई भारी चौकस. माणूस तोंडावरून ओळखायच्या आधी ती पायावरून ओळखायची. पाचवा जोड आला तेव्हा ती तो उलटा करून कितीतरी वेळ बघत बसली.

नवरा म्हणाला, "काय गं, तळ बघून भविष्य सांगणार आहेस का?"

"मागचं बघतेय. घाटातला दगड वहाणेचा पंजा खातो. बाभळीचे काटे तळात मोडून राहतात. यात एकही काटा कसा नाही?"

"नशीबवान असेल."

"आणि अंगठ्याचा ठसा बघ, केवढासा आहे."

तिनं आधीचे चार जोड काढले. पट्टे कापायचे राहिलेच होते. सगळे ओळीनं मांडले. एकाचा ठसा रुंद, एकाचा निमुळता, एकाची टाच बाहेरून झिजलेली.

"पंच एक आणि पाय पाच जणांचे," नवरा म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. "अगं, त्याच्या घरच्या सगळ्या जुन्या वहाणा आपल्याकडे आल्यात."

बाईला हसू आलं नाही. ती म्हणाली, "मग घाट चढलं कोण?"

ही गोष्ट पंचाच्या कानावर गेली. तो येऊन ओट्यावर बसला. "वहिनी, पट्टे कापले नाहीत अजून?"

"कापीन की. पण दादा, काटे कुठं गेले?"

पंच हसला. "पुढच्या पौर्णिमेपासून शिदोरीला दोन पायल्या ज्वारी जास्त मागतो. त्यातली एक तुझी. तळ बघत बसू नको, शिवत बस."

घरात खाणारी सहा तोंडं होती. पायलीभर ज्वारी म्हणजे थोडीथोडकी नव्हे. बाईनं पाचवा जोड पुन्हा उलटा केला. मग तिनं विचारलं, "आणि पाणी कधी येणार?"

"राजाचं काम आहे. वेळ लागतोच."

पंच उठून गेला. बाईनं पाचही जोड टोपलीत भरले आणि ती थेट चावडीवर गेली. गाव जमलं. पंचालाही बोलावलं.

"दादा, एकेक जोड घालून दाखवा बरं."

पहिल्यातून टाच बाहेर आली. दुसरा पायातून निसटला. तिसरा बघून मागून कोणी म्हणालं, "हा तर याच्या सासूचा." लोक खूप हसले. मग हसू हळूहळू थांबलं आणि पाणी वाहणारी एक बाई पुढे आली. "आमच्या पिठाच्या भाकऱ्या घरात बसून खाल्ल्यास होय रे?"

पंच म्हणाला, "खर्च द्यायची रीत गावाचीच. मी रीतीबाहेर काय घेतलं ते सांगा."

"रीत चालणाऱ्यासाठी होती," वहाणा शिवणारी म्हणाली.

कोणी म्हणालं पागोटं उतरवा, कोणी म्हणालं गावाबाहेर काढा. पण त्यानं पाणी येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचाला पुढे घालून सगळे घाट चढले.

राजा लगेच भेटला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दर पौर्णिमेला मी झऱ्याच्या कामासाठीच बसत होतो. तीन पौर्णिमा तुमच्याकडून कोणी आलं नाही. चौथीला पलीकडच्या उतारावरचं गाव आलं. पाट त्यांना दिला. एकाला दिलेलं पाणी मी काढून घेत नाही."

उतरताना वहाणा शिवणारी म्हणाली, "पहिलाच जोड उलटा करून बघायला हवा होता मी."

गावात आल्यावर पंचानं हात जोडले. "पीठ, तूप, वहाणा, सगळं परत करतो. वर दंडही भरतो." आणि त्यानं खरंच शेर न् शेर मोजून दिलं.

बाईनं माप भरताना पाहिलं आणि विचारलं, "दादा, पाणी कशानं मोजून देणार?"



तात्पर्य: गावाच्या नावानं खाल्लेलं धान्य परत करता येतं, पण न केलेल्या कामाची गेलेली वेळ परत करता येत नाही. म्हणून आपल्या कामाला ज्याला धाडलं, त्याला पहिल्या खेपेलाच विचारावं.