कलस्वनेचे गाणे

पूर्वी कृतयुगात, पर्वत अजून माणसांशी बोलत असत तेव्हा, धूम्रकूट पर्वताच्या कुशीत तपोनिधी तृणपाद ऋषींचा आश्रम होता. उंबर-जांभळांच्या निबिड छायेतून कलस्वना नावाची गिरिकन्या नदी गोल गोट्यांवरून गुणगुणत आश्रमाला वळसा घालून जाई.

ऋषिपत्नी अरुजेला नवसासायासाने पुत्र झाला. पण तो आईच्या मांडीवर काही निजेना. पाळणा कलस्वनेच्या काठी बांधला की मात्र क्षणात डोळे मिटी. शेजारच्या ऋषिपत्नी पाणी भरताना हसत म्हणायच्या, "कळा तू सोसल्यास गं, पण आई ती झाली." अरुजा वरवर हसे आणि घागर आपटून ठेवी. रोज पाळण्याशी बसून ती त्या गाण्याचा एकेक चढउतार कान देऊन ऐके. असे काय आहे हिच्या गळ्यात, जे माझ्यात नाही?

गृहाग्नी न विझू देणे हे ऋषिपत्नीचे व्रत. बारा वर्षे ते पाळले म्हणून प्रसन्न झालेल्या अग्निदेवाने वर देऊ केला, तेव्हा तिने मुलाचे आयुष्य मागितले नाही. ती म्हणाली, "हे हुताशना, हिच्या माथ्यावरची सावली जाळ. उन्हाने आटली की हिचा गळा बसेल."

"विचार कर, अरुजे. ज्या मुळांनी तिचे काठ धरले आहेत, त्यांनीच तुझे अंगणही धरले आहे."

"माझे मूल तरी माझे राहील."

वणवा सात दिवस पेटला. कलस्वना आटली, मुकी झाली. मूल मात्र आता कुठेच निजेना. रडून रडून त्याचा आवाज बसला.

मग आषाढात मेघ फुटले. जळून कडक झालेली माती थेंबही पिईना. सारे पाणी राख, शिळा आणि जळके ओंडके घेऊन काळेकुट्ट होऊन धावले, आणि कलस्वना जुने पात्र सोडून थेट आश्रमात शिरली. ऋषींनी मुलाला खांद्यावर घेतले, अरुजेचा हात धरला, कातळ गाठला. डोळ्यांदेखत पर्णकुटी गेली, बारा वर्षे जपलेला अग्नीही गेला.

पूर ओसरल्यावर गढूळ पाण्यातून कलस्वना बोलली, "अरुजे, माझे गोटे वाहून गेले, त्यांच्यासवे गाणेही गेले. यापुढे मी एका पात्रात नांदणार नाही. हे तुझे देणे. पण माझे गाणे एका ठिकाणी उरले आहे. हेव्याने का होईना, ते रोज मन लावून ऐकणारी तूच एकटी होतीस."

मूल कण्हत होते. अरुजेने ओठ मिटले आणि गुणगुणली. चढ तोच, उतार तोच. मूल तिच्या मांडीवर, पहिल्यांदाच, निजले. तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते सगळेच आनंदाचे नव्हते.

तेव्हापासून कलस्वना जळक्या ओंडक्यांच्या बेटाला वळसा घालून दोन फाट्यांनी वाहते आणि दर मोठ्या पुराला वाट बदलते. त्या खोऱ्यातल्या बाया अंगाईत शब्द घालत नाहीत, नुसत्या गुणगुणतात. आणि मूल निजले की क्षणभर नदीकडे पाहतात, हे नक्की कुणाच्या कुशीत निजले म्हणून.