धुक्यातली लोकर

ढग थेट घरात शिरायचे, अशा एका उंच डोंगरावरच्या गावात तानूबाई नावाची बाई राहत होती. डोक्यावरून गळ्यात घालायचे लोकरीचे गोल गळपट्टे ती दोन सुयांवर विणायची. गावच्या मेंढ्या काळ्या-पांढऱ्या, म्हणून गळपट्टेही तसलेच. ऊब भरपूर, पण "छान दिसतंय हं" असं कधी कुणी म्हटलं नाही. ते तिला सलायचं.

एका सकाळी दाट धुक्यात ती खिंडीतून येत होती. वाटेत एक म्हातारी गाठोडं सोडून बसली होती. आत लोकरीचे गुंडे होते, कुंकवासारखे लाल, हळदीसारखे पिवळे, पोपटी, जांभळे. भोवतालच्या दवावर मात्र एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"ने की," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी चार वर्षांच्या पोरीचा! "मोल काही नको. फक्त कुठून आणलीस ते कुणाला सांगू नकोस."

तानूबाईच्या अंगावर काटा आला. तरी तिने ओटी पसरली.

महिन्याभरात घराघरांत तिचे रंगीत गळपट्टे झाले. लोक थांबून थांबून कौतुक करायचे. मग हळूहळू कौतुकही थांबलं, कारण गळपट्टा घालणाऱ्या सगळ्यांचे घसे बसले. स्वतः तानूबाईने तो कधी घातला नव्हता. आधी कुणी म्हणे थंडी बाधली, मग आवाजच गेले. जात्यावरच्या ओव्या बंद झाल्या. पोरं मुक्यानेच खेळू लागली.

एक दिवस गावचा मेंढपाळ रानातून परतलाच नाही. लोक मशाली, काठ्या घेऊन निघाले, पण हाक कोण मारणार? तानूबाईने भीतभीत उरलेल्या लोकरीच्या टोपलीत हात घातला. लाल गुंडा कोमट लागला. तिने तो कानाशी नेला. आतून मेंढपाळाची मेंढ्यांना घालायची हाळी येत होती.

ती धावतच खिंडीत गेली. "त्यांचे आवाज परत दे!"

म्हातारी हसली. "लोकर कुठली ते चारचौघांत सांग. सगळ्यांचे सुटतील. तुझा मात्र मी ठेवून घेईन."

तानूबाई घरी आली आणि गप्प बसली. 'सापडेल उद्या,' ती मनाला म्हणाली. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या सकाळी कड्यावरून थाळी बडवल्याचा आवाज आला. मेंढपाळाची बायको पळीने थाळी बडवत होती. तोंड उघडं, हाक एक नाही. बोटांतून रक्त येत होतं.

तानूबाईला पुढे बघवेना. तिने तिथेच सारं गाव गोळा केलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. "माझी हाव नडली," हे शब्द बाहेर पडले आणि तिचा आवाज गेला. त्याच क्षणी खालच्या दरीतून मेंढपाळाची किंकाळी उठली.

त्याला वर आणलं. तो जगला, पण थंडीने काळा पडलेला पाय कापावा लागला.

आठवड्याने त्याची बायको तानूबाईच्या दारात आली. तानूबाईने नुसते हात जोडले.

"दोन दिवस गप्प राहिलीस, त्यात त्याचा पाय गेला," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी बोललीस, म्हणून जीव राहिला. बाई, यातलं एकही मी विसरायची नाही."

आणि ती आत येऊन तिच्याशेजारी बसली.

तात्पर्य: चूक कबूल करायला उशीर झाला तरी ती करावीच, पण त्या उशिराची किंमत बहुधा दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.