पहिला घास

एकदा एक गुरुजी सगळ्यांना बाजूला सारून पुढे जाऊन बसले. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं ते काय? पण या गुरुजींची रीतच वेगळी होती. गावजेवणात शेवटच्या पानावर वरणभात पडेपर्यंत ते आपल्या पानाला हात लावीत नसत, आणि त्यांनी घास उचलल्याखेरीज गावातलं एकही वडीलधारं माणूस जेवायला सुरुवात करीत नसे. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या आधी काही घेतलेलं गावानं पाहिलं नव्हतं.

थंडी तोंडावर आली होती. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फ्लूची लस घेऊन देवळाच्या सभामंडपात आल्या होत्या. म्हातारी मंडळी जमली खरी, पण बसली ती खांबांना टेकून. "आधी तुम्ही घ्या." "छे हो, मला काय धाड भरलीय? तुम्हीच घ्या." असा नुसता आग्रह चालला होता. गुरुजींचा जुना शिष्य मुकुंद, जो आता त्यांच्याच पाठशाळेत शिकवीत असे, आपल्या आईला घेऊन आला होता. आईला दमा. दर थंडीत तिची छाती भरली की तो रात्र रात्र तिच्या उशाशी बसून काढी. पण ती शेवटच्या खांबाशी बसली ती बसलीच. "गुरुजींचं होऊ दे, मग बघू," एवढंच तिचं उत्तर.

तेवढ्यात गुरुजी आले. "सरका, सरका जरा," म्हणत थेट सिस्टरांपुढच्या स्टुलावर बसले आणि बाही वर सारून मोकळे झाले. मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "या वयात जिवाची केवढी ही काळजी!"

मुकुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लस टोचून घेऊन गुरुजी बाहेर पायरीवर जाऊन बसले, तसा तो त्यांच्यामागे गेला.

"गुरुजी, आपलं पान शेवटी, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आणि आज तुम्हीच...?"

गुरुजींनी समोरच्या बंद दुकानाकडे पाहिलं. धोंडशेट वाण्याचं दुकान ते. रोज संध्याकाळी त्याच्या फळीवर बसून दोघे सुपारी कातरायचे, चाळीस वर्षं.

"गेल्या साली सिस्टर मला पहिलं बोलवत होत्या. मी म्हणालो, माझं राहू द्या, आधी बाकीच्यांचं बघा. स्वतःवर केवढा खूश झालो होतो मी! पण मुकुंदा, मी उठलो तशी सगळीच उठली. धोंडशेट चपला घालत म्हणाला, 'तुम्ही नाही, तर मी तरी कशाला?' पौषात फ्लू झाला, छातीत उतरला, आठ दिवसांत गेला रे माणूस. लसीनं तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण घ्यायला म्हणून तो आला होता. माझ्यामुळे तसाच परतला."

गुरुजी मुकुंदाकडे वळले. "पंगतीत मी थांबतो, ते सगळ्यांना वाढून व्हावं म्हणून. इथं सगळ्यांना वाढलेलंच होतं, आणि माझ्या पहिल्या घासासाठी सगळे उपाशी बसले होते. अशा वेळी थोरल्यानं आधी घास उचलायचा असतो. तोही दर साली. हा फ्लू दर साली रूप पालटतो. गेल्या वर्षीच्या जेवणानं यंदाची भूक भागत नाही."

आतून सिस्टर एकेकाला हाक मारीत होत्या. धोंडशेटची बायको, रखमाकाकू, पदर सावरीत बाहेर आली आणि गुरुजींना वाकून नमस्कार करू लागली. गुरुजींना मान वर करवेना.

"तुमचं बघून बसले हो मी," ती हळूच म्हणाली. "हे असते तर तेही आज बसले असते."

तिच्यामागून मुकुंदाची आई आली, दंड चोळत. "अरे, मुंगी चावल्यासारखं झालं नुसतं. उगाच भीत होते!" मुकुंदाला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्यानं तिचा हात धरून तिला पायरी उतरवली.

बऱ्याच वेळानं गुरुजींनी विचारलं, "आत कुणी राहिलंय?"

मुकुंद मंडपात डोकावून आला. "कुणी नाही, गुरुजी. शेवटचं पानही जेवून उठलं."

मगच गुरुजी काठी टेकून पायरीवरून उठले.