वीसपट चकली आणि दोन वितींचा पूल

"अस्सा पूल हवा! अगदी अस्साच, फक्त वीसपट मोठा!"

चक्रधरराजे ओरडले आणि पाथरवट आळीतले सगळे हातातलं काम टाकून धावत आले. दिवाळीचे दिवस होते. गोंदजी पाथरवटाच्या लेकीनं, हौसानं, दारात मातीचा किल्ला केला होता. त्याच्या खंदकावर दोन वितींची, भाकरीएवढी पातळ दगडी चीप टाकून पूल केला होता. खाली खांब नाही, कमान नाही! राजे बघायला वाकले ते पुलाच्या प्रेमातच पडले.

"गोंदजी, राजवाड्यामागच्या नाल्यावर हाच पूल बांध. लांबी, रुंदी, जाडी, सगळं वीसपट. आकारात केसभर फरक पडला तर तुरुंग! आणि पूल झाला की वरून आमचा हत्ती जाईल, खाली तू उभा राहशील. आपल्या कामाची खात्री नको?"

गोंदजीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी लांब, एवढी पातळ चीप हत्ती यायच्या आधीच मोडणार, हे त्याला कळत होतं. फरक केला तर तुरुंग, नाही केला तर कपाळमोक्ष! आपलं खेळणं आपल्याच बापाच्या जिवावर उठलेलं बघून हौसा पुढं झाली. तिची जीभ काही लुळी पडली नव्हती.

"बांधतील की आबा! पण महाराज, आधी वीसपट करायचा हात बसायला हवा. आपल्या मुदपाकखान्यात एक चकली वीसपट करू. आपण ती अख्खी उचललीत, की लगेच पुलाला हात घालू."

चकली म्हटल्यावर राजे विरघळलेच. "मंजूर!"

एवढ्या चकलीला सोऱ्या कुठून आणायचा? आचारी रंभाजीनं कपाळ बडवलं आणि मांडीएवढ्या जाड वळकट्या हातानंच वळल्या. तळायला गुऱ्हाळातली काहील आणली. गाडीच्या चाकाएवढी चकली बाहेर आली! राजांनी बाह्या सरसावल्या, कड धरली, उचलली आणि... कडाड्! एक तुकडा थेट दिवाणजींच्या पगडीवर.

"कच्ची राहिली!" राजे म्हणाले.

दुसरी खरपूस तळली. चार नोकरांनी चार बाजूंनी उचलली आणि चौघांच्या हातात चार तुकडे आले.

"मोहन जास्त झालं!"

तिसरी तर काहिलीतून काढतानाच मोडली. अख्खं गाव चकली खात सुटलं. शेवटी शेवटी तर कुत्रीसुद्धा तोंड फिरवू लागली.

"असं का होतं गं?" राजे रडवेले झाले.

"महाराज, दुप्पट मोठ्या चकलीला पीठ लागतं आठ चकल्यांचं. पण मोडते त्या जागी ताकद असते चारच चकल्यांची! वजन पुढं पळतं, ताकद मागं राहते. वीसपट केली, तर वजन ताकदीच्या वीसपट पुढं!"

राजांनी बोटं मोजली, बोटं संपली, मग ते भडकले. "म्हणजे तुझा किल्ला खोटारडा! खेळण्यावरून खऱ्याचं काही कळतच नाही!"

"खेळणं खोटं बोलत नाही महाराज, त्याला नीट विचारावं लागतं! मोठा पूल स्वतःच्याच वजनानं वीसपट दमणार. मग धाकट्यावर आधीच त्याच्या वीसपट वजन ठेवून बघायचं!"

सगळ्यांना घेऊन ती परत आपल्या किल्ल्याशी आली आणि तिनं चिपेवर वाळूच्या पुरचुंड्या रचायला घेतल्या. पहिल्याच पुरचुंडीला चीप तडकली. राजांनी वाकून तडा बोटानं चाचपला. मग हौसा आणि आबांनी तिथंच, तेवढ्याच लांबीची, छोट्या छोट्या दगडांची कमान रचली.

"हिच्यावर किती ठेवायचं?" राजांनी विचारलं.

"हिच्या वीसपट. म्हणजे दसऱ्याला आपली गूळतुला झाली, तेव्हा समोरच्या पारड्यात जेवढा गूळ लागला तेवढं. महाराज, बसा!"

दरबार हबकला. राजांनी देवाचं नाव घेतलं, अंगरखा सावरला आणि हळूच बसले. कमान ढिम्म!

"आणि हत्तीचं वजन?"

"धाकट्या पुलाला धाकटा हत्ती! दिवाणजी पुरेत. घ्या मांडीवर!"

"अहो, मी या वयात..." दिवाणजी म्हणेपर्यंत राजांनी त्यांना ओढून बसवलं होतं.

"आता डोला महाराज! हत्ती डोलतच चालतो!"

राजे डोलले, मांडीवर दिवाणजी डोलले, बघणारे पोट धरधरून हसले. कमान तेवढी हलली नाही.

"आणि हौसे, ही मोडली असती तर?" राजांनी डोळे वटारले.

"तर महाराज, तुम्ही वीतभर उंचीवरून मातीत बसला असतात. मोठा पूल मोडला असता, तर खाली माझे आबा होते!"

राजांनी एकदा गोंदजीकडं बघितलं. मग ते असे गदगदून हसले की दिवाणजी मांडीवरून घसरून खाली पडले. हातातलं सोन्याचं कडं काढून राजांनी हौसाच्या हाती दिलं. "गोंदजी, कमानीचाच पूल बांध! खाली कुणी उभं राहायचं नाही. आणि यापुढं हौसानं धाकटं करून तपासल्याशिवाय राज्यात एक दगड रचायचा नाही!"

"पण दर वेळी एवढं वजन आणायचं कुठून?" दिवाणजी खालूनच कण्हले.

"वजनाला आम्ही आहोत!" राजे गरजले. "रंभाजी, फराळ चालू ठेव!"