चाळीस मडकी, एक विहीर

फार पूर्वी, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत एक नवं राज्य उभं राहिलं. जुने मालक जाऊन फार वर्षं झाली नव्हती. रस्ते व्हायचे होते, बंधारे व्हायचे होते, आणि सगळं लवकर होईल असं सगळ्यांना वाटत होतं.

पहिल्या राजाने एक चांगली रीत घालून दिली होती. दर चैत्रात चाळीसही गावांनी आपापल्या विहिरीच्या पाण्याचं एकेक मडकं दरबारात पाठवायचं आणि राजाने प्रत्येकातला एक घोट घ्यायचा. ज्या गावाचं पाणी घशाखाली उतरणार नाही, तिथे त्या वर्षी नवी विहीर खोदायची. कागद नाही, अर्ज नाही. राजाची जीभ हीच चौकशी.

त्याचा मुलगा गादीवर आला. हाही वाईट नव्हता, पण त्याला चांगली बातमी फार आवडायची.

एका वर्षी एका गावाचं मडकं वाटेत फुटलं. आणणारा माणूस घाबरला. त्याने राजधानीच्या वेशीबाहेरच्या विहिरीवर नवं मडकं भरलं आणि नेऊन ठेवलं. राजा म्हणाला, "वा, या गावाचं पाणी सुधारलं की!" आणि त्या गावच्या पाटलाला त्याने भर दरबारात पागोटं बांधलं.

पुढच्या चैत्रात पाच मडकी फुटली. त्याच्या पुढच्या वर्षी वीस. नंतर फुटायची वाटही कुणी बघेना. माणसं रिकामी मडकी घेऊन निघत, तेवढंच ओझं कमी. वेशीवरच्या कारकुनाला सगळं माहीत होतं, प्रधानालाही होतं. सांगायचं कुणी? पाटलांना पागोटी मिळत होती, प्रधानाला शाबासकी मिळत होती, आणि राजाला गोड पाणी. दवंडी पिटली गेली की चाळीसही गावांचं पाणी गोड झालं. विहिरी खोदणारे बेलदार घरी बसवले गेले.

खाडीकाठी खारवण नावाचं गाव होतं. तिथलं पाणी इतकं खारं की लहान पोरं पिताना डोळे मिटून घ्यायची. गोड पाण्यासाठी बायका दोन कोस चालायच्या. गावातली सात घरं कुलूप लावून निघून गेली होती. कोंडाबाईच्या मुलानेही सांगून टाकलं होतं की या वर्षी विहीर झाली नाही, तर तोही बायकामुलांना घेऊन जाणार.

कोंडाबाईने पाटलाला विचारलं, की आपल्या पाण्याला दरवर्षी गोड कोण म्हणतं? पाटील म्हणाला, राजाच म्हणतो. तिने पाटलाच्या डोक्यावरच्या पागोट्याकडे जरा वेळ पाहिलं. मग घरी येऊन तिने स्वतःच मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि निघाली.

दोन दिवस चालून ती वेशीवर पोचली. कारकून मायेने म्हणाला, "दमलीस, मावशी. मडकं ठेव इथे. मी आत पोचवतो."

"दोन दिवस मीच पोचवलंय," कोंडाबाई म्हणाली. "आणखी दोनशे पावलं जमतील."

त्या दिवशी दरबारात परमुलखातले रंगारी व्यापारी बसले होते. त्यांना कापड रंगवण्याचे कारखाने काढायचे होते. हजार हातांना काम मिळणार होतं. राजाने त्यांना सांगितलं होतं, की कुठल्याही गावात जा, पाणी गोडच मिळेल.

राजाने एकामागून एक घोट घेतले. चाळीसावं मडकं खारवणचं होतं. घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

प्रधान लगेच पुढे आला. "महाराज, खारवण गेली पाच वर्षं गोड आहे. या बाईने पाण्यात मीठ घातलंय. कुणी शिकवून पाठवली असेल."

"आमच्या पाण्यात मीठ घालायला कशाला लागतंय?" कोंडाबाई म्हणाली. "महाराज, माझ्यावर विश्वास ठेवू नका. यांच्यावरही ठेवू नका. चाळीस चुली पेटवा आणि प्रत्येक मडक्यातल्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजवा."

दरबार हसला. व्यापारी मात्र हसले नाहीत, म्हणून राजाने हुकूम दिला. अंगणात चुली मांडल्या गेल्या. लाकडं सारखी, डाळ एकाच पोत्यातली.

कोंडाबाई चुलींमधून फिरत बोलत होती. हे मडकं चुनखडीच्या गावचं, तिथे दिलेल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं की डाळ रात्रभर भिजवली नाही तर दुपारपर्यंत कचकचते. हे डोंगरावरच्या झऱ्याचं, तिथे डाळ बघता बघता फुटते. हे काळ्या मातीतल्या गावचं, तिथलं पाणी त्या दोघांच्या मधलं. आता बघा.

एकोणचाळीस चुलींवरची डाळ एकाच वेळी शिजली. चाळीसावी टणक राहिली.

राजवाड्याच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने एका पातेल्यातला दाणा बोटांनी चेपला. बाजूच्या पातेल्यातला चेपला. मग खाली मान घालून म्हणाला, "महाराज, ही आपल्या वेशीबाहेरच्या विहिरीची डाळ आहे. मी रोज इतक्याच वेळात उतरवतो."

सगळे राजाकडे पाहत होते. चूक झाली, असं त्याने तिथेच म्हणायचं होतं. पण समोर परके बसलेले. राजा हसला आणि म्हणाला, "या बाईच्या चतुराईचा आम्हाला अभिमान वाटतो. हिला शाल आणि नारळ द्या." प्रधानाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

"शालीने तहान भागत नाही," कोंडाबाई म्हणाली, आणि रिकामं मडकं काखेत मारून चालू लागली.

संध्याकाळच्या आत व्यापाऱ्यांनीही गाशा गुंडाळला. जाताना त्यांच्यातला वडीलधारा राजाला म्हणाला, "खाऱ्या पाण्यावर आम्ही उपाय करतो, महाराज. पण तुमचं राज्य तुम्हालाच कळू दिलं जात नाही, आणि कळलं तरी तुम्ही शाल देता. उद्या आम्हाला दिलेला शब्द कुठल्या विहिरीचा असेल?"

कारखाने शेजारच्या राज्यात निघाले. तिथलं पाणीही खारंच होतं, पण तिथल्या राजाने ते आधीच सांगितलं होतं. वर्षभरात खारवणची तरणी माणसं तिकडे कामाला गेली. कोंडाबाईचा मुलगाही गेला. दुसऱ्या वर्षी अकरा गावांतून मडकं आलंच नाही, कारण आणायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा कुठे राजा उठला. प्रधान आणि कारकून दोघांनाही न कळवता, पायी निघाला आणि तिसऱ्या दिवशी खारवणला आला. गावात चार दारं उघडी होती. त्यातल्या एकात कोंडाबाई बसली होती. ती उठली नाही.

"पाणी द्या, मावशी," राजा म्हणाला.

तिने त्याच्यासमोरच विहिरीतून पाणी काढलं आणि तांब्या दिला. तो गिळतो की थुंकतो, हे ती टक लावून बघत राहिली. राजाने घोट गिळला. मग दुसरा घेतला. दुसऱ्या घोटानंतरच तिने बसायला घोंगडी टाकली.

राजाने बेलदार परत बोलावले आणि पावसाच्या आधी टेकडीच्या पायथ्याशी विहीर खोदून झाली. पाणी गोड निघालं. काही दारं उघडली. कोंडाबाईच्या मुलाचं उघडलं नाही. त्याचा जम तिकडे बसला होता.

पुढच्या चैत्रातही कोंडाबाई मडक्याला फडकं बांधून स्वतःच निघाली. पाटील म्हणाला, आता कशाला? आता तर पाणी गोड आहे आणि राजाही सुधारला आहे. ती म्हणाली, "म्हणूनच."

तात्पर्य घ्यायचं तर एवढंच: चाळीस गावांची डाळ एकाच वेळी शिजली, तर राजाने खूश होऊ नये आणि प्रजेने टाळ्या वाजवू नयेत. दोघांनीही आधी विचारावं, पाणी कुठल्या विहिरीचं?